अंदाजपत्रकात मोरी नाही

आधी माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय रावजीबाबांविषयी काहीही लिहिलं तरी ते अर्धवट राहील. वीसेक वर्षांपूर्वी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर तळ्याकाठची दगडी भिंत पडली. ती माझ्या हुकमामुळे पडली. आणि खात्याच्या अहवालात मी लिहिलं की ती गवंड्याच्या अज्ञानामुळे पडली. तो गवंडी म्हणजे रावजीबाबा. यंदाच्या श्रावणाच्या शेवटी ते गेले. मी जव्हारच्या ऑफिसात नुकताच येऊन टेबलाशी बसलो होतो, तेव्हा त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "सायेब, बाबा गेला," एवढंच तो म्हणाला. मी काही विचारायच्या आत पुढे म्हणाला, "भित बरी हाय. काल पाऊस लई झाला, पन मोऱ्या वाहत्यात." मरणाच्या निरोपात भिंतीचा निरोप... त्या घरात हे दोन विषय कधी वेगळे नव्हतेच.

हा पाडा सूर्यमाळच्या वाटेवर डोंगराच्या पोटाशी आहे. खाली तळं, वर उतारावर घरं आणि दोहोंच्या मधून गाडीवाट. वाट आणि घरं घसरून तळ्यात येऊ नयेत म्हणून जुन्या माणसांनी काठाने काळ्या दगडाची भिंत रचली होती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड आणि फटींत चिपा. आमच्या कागदांत अशा भिंतीला संरक्षक भिंत म्हणतात. तिने खरंच दोन गोष्टींचं रक्षण केलं होतं, वरच्या घरांचं आणि खालच्या पाण्याचं. त्या भागात पावसाळ्यात घरात बुरशी येईल इतका पाऊस पडतो आणि होळी झाली की बायका हंडे घेऊन झरे शोधत फिरतात. त्यात हे तळं कसंबसं वैशाखापर्यंत पुरायचं. भिंतीने माती अडवली तरच तळं खोल राहायचं.

मी मूळचा खोडाळ्याचा. वडील शेतकरी, नागली आणि भात. आमच्या वरच्या शेताचा बांध रावजीबाबांनीच घातलेला. वडील त्यांना नुसतं रावजी म्हणत आणि बांधाकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत, "हा माणूस दगडाला विचारतो, तुला कुठं बसायचंय?" मी डिप्लोमा करून खात्यात लागलो आणि पहिली नेमणूक नेमकी माझ्याच तालुक्यात मिळाली. पहिलं स्वतंत्र काम या भिंतीच्या दुरुस्तीचं. पहिल्या दिवशी मी मोटरसायकलवरून उतरलो तेव्हा ठेकेदार आणि पंधरा-वीस मजूर उभे होते. त्यांच्यातून एक उंच, वाळकासा माणूस हात पुसत पुढे आला आणि तोंडभर हसून म्हणाला, "अरे दत्तू! आबाचा दत्तू! तू आमचा इंजिनेर?" मजूर हसले. हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या आणि ठेकेदाराकडे वळून मोजमापाची वही मागितली. रावजीबाबांना जे समजायचं ते समजलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी मला 'सायेब' सोडून दुसरी हाक मारली नाही.

काम साधं होतं. सुटलेले दगड परत बसवायचे, सगळ्या सांध्यांत सिमेंटचा दर्जा भरायचा, वर काँक्रीटची टोपी. दर्जा भरणं म्हणजे दगडांमधल्या फटी लिंपून बंद करणं. जुन्या भिंतीत ओळीने काही जागा हातभर खोल मोकळ्या सोडलेल्या होत्या. मला वाटलं, इथले दगड कुणीतरी काढून नेले असतील. तिसऱ्या दिवशी रावजीबाबा थापी हातात घेऊन माझ्याकडे आले. "सायेब, मोऱ्या ठेवायच्या ना?"

आता मोरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रस्त्याखालची मोरी यायची. सिमेंटचे नळे, दोन बाजूंना भिंती, वर भराव. आमच्या खात्यात मोरीचा तोच एक अर्थ. मी अंदाजपत्रक उघडून, बोट फिरवून, ठामपणे सांगितलं, "अंदाजपत्रकात मोरी नाही."

"नाय?"

"नाही. आहे ते सगळं बुजवा."

त्यांनी थापी भिंतीकडे केली. "पन सायेब, जुन्यांनी ठेवलेल्या हाईत..."

"बाबा, जे कागदावर नाही ते करता येत नाही."

इथवरची चूक शब्दाची होती. तिची लाज वाटते, पण ती पोटात घालून रात्री झोप लागली असती. खरी चूक दोन दिवसांनी झाली. दुपारच्या सुट्टीत मजूर उंबराखाली भाकरी खात होते. मी जवळच खुर्चीवर बसलो होतो. रावजीबाबा कुणाकडेही न बघता, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मानसाला लागती तशी भितीलाबी लागती. डोंगर पानी पाजतो तिला. तुम्ही मोऱ्या बुजवल्या, तर ती जानार कुठं? पोट फुगून मरंल." मजूर खो खो हसले. एक बाई लटक्या रागाने म्हणाली, "जेवताना तरी नीट बोला की!" आणि त्या हसण्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोऱ्या म्हणजे त्या हातभर खोल मोकळ्या जागा. त्या जुन्या माणसांनी मुद्दाम ठेवल्या होत्या, मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून. वर्गात हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्कही घेतले होते. फक्त तिथे त्याला इंग्रजी नाव होतं.

तोवर अर्ध्याहून जास्त भिंत लिंपून झाली होती. उठून "थांबा, चुकलं, फोडा परत," एवढंच म्हणायचं होतं. फार तर दोन दिवस लागले असते. पण दुसऱ्या दिवशी वरिष्ठ पाहणीला येणार होते, भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसत होती, आणि सगळे हसत असताना एका गवंड्याकडून शिकलो हे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "जेवणं झाली असतील तर कामाला लागा. ही भिंत मी बांधतोय, तुम्ही नाही." हे वाक्य मी शब्दशः लिहितो आहे, कारण ते मी विसरलेलो नाही. रावजीबाबा उठले, हात धुतले आणि राहिलेल्या मोऱ्या बुजवू लागले. त्यांचा हात इतका सुबक होता की कुठे मोरी होती हे नंतर मलाही ओळखता आलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. आधी टोपीला तडा, मग मधले दगड पुढे, आणि एका सकाळी पन्नासेक फूट भिंत, तिच्यामागची वाट आणि एका घराचा ओटा हे सगळं मिळून तळ्यात बसलं. माणूस गेलं नाही. पण तळ्याचा तो कोपरा मातीने भरला आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी होळीलाच आटलं. पुढे दर वर्षी तसंच. बायकांना खालच्या ओहोळातल्या झऱ्यावर जावं लागलं. मी अहवाल लिहिला. त्यातलं कारण मी बरोबर लिहिलं, फक्त माणूस बदलला. 'दर्जा भरताना गवंड्याच्या अज्ञानामुळे भिंतीतील पाणी निचऱ्याच्या जागा बुजवल्या गेल्या.' कुणी मला तसं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन लिहिलं. तो अहवाल ठेकेदाराच्या हाती गेला, ठेकेदार बाजाराच्या दिवशी मोखाड्यात बोलला, आणि ते पाड्यावर पोचेपर्यंत रावजीबाबांना नाव पडलं होतं... भितपाड्या. भिंत पाडणारा.

या नावाने त्यांचं काय झालं ते मला पुढे हळूहळू कळलं. तालुक्यात त्यांना भिंतीचं काम कुणी देईना. दिवाळी झाली की ते नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. ज्या हातांनी दगडाला विचारून दगड बसवला ते हात चिखल तुडवायला लागले. त्यांची बायको जानीबाई. तिला पाणवठ्यावर ऐकावं लागायचं, "भितपाड्याची आली, सरा." झऱ्यावर हंडा भरायला रांग लागायची आणि तिचा नंबर शेवटी यायचा. रावजीबाबांनी मात्र कधी कुणाला "सायबानं सांगितलं होतं," असं म्हटलं नाही. एकदाच म्हटलं, घरात, जानीबाईला. बाहेर म्हणून काय उपयोग होता? एका बाजूला शिक्क्याचा कागद, दुसऱ्या बाजूला थापी.

माझी बदली झाली. कोकण, मराठवाडा, परत कोकण. लग्न, मुलं, वडिलांचं जाणं. मी चांगलं काम केलं असं लोक म्हणतात. कुठेही भिंत बांधली की मी स्वतः वाकून पाणी निचऱ्याची भोकं मोजायचो, आणि हाताखालच्या पोरांना वाटायचं साहेब फार काटेकोर आहेत...

तीन वर्षांपूर्वी उपअभियंता म्हणून जव्हारला आलो, आणि पहिल्याच महिन्यात टेबलावर फाइल आली. त्याच तळ्याची. पडलेल्या जागी घाईने रचलेली दगडमाती आणि उरलेली जुनी भिंत, दोन्ही तळ्याकडे कलल्या होत्या. उतारावर घरांच्या मागे भेगा पडत होत्या. सगळं काढून नवी भिंत बांधायची आणि वरच्या जमिनीची घसरण थांबवायची. मी फाइल बंद केली, गाडी काढली आणि पाड्यावर गेलो. रावजीबाबा ओट्यावर बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. केस पांढरे, पाठ वाकलेली. मला बघून उठले नाहीत. डोळे बारीक करून ओळख पटवली आणि म्हणाले, "या सायेब. मोरी अंदाजपत्रकात हाय का या टायमाला?"

मी म्हणालो, "आहे बाबा. किती ठेवायच्या ते विचारायला आलोय."

ते दोन उन्हाळे माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले दिवस. रावजीबाबांना काम झेपणार नव्हतं. ते पालथ्या घमेल्यावर बसायचे आणि कामटीने दाखवायचे. भर वैशाखात त्यांनी मला सगळा उतार चालत फिरवला. जिथे दगड उलटल्यावर खालची माती गार लागली तिथे निरगुडीची काटकी रोवायची. "डोंगराचं पानी हितनं चालतं. वर अडवा, मंग खाली भितीला कमी तरास." घरांच्या वरच्या अंगाला आम्ही चर खणला तो त्या काटक्या बघून. पावसाळ्यात तिथूनच पहिलं पाणी आलं. जुनी भिंत काढतानाही त्यांचा हट्ट की एका वेळी सगळी उघडायची नाही. "दात काढतात तसं. एक काढा, एक ठेवा. सगळे काढले तर हिरडी बसंल." म्हणून पाच पाच मीटरचा तुकडा काढायचा, खडक लागेपर्यंत पाया न्यायचा, तिथली भिंत उभी करायची आणि मगच शेजारचा तुकडा. ठेकेदाराचा पोरगेला इंजिनिअर कुरकुरला तेव्हा ते त्याला म्हणाले, "घाई हाय? मंग बस तूच भितीमागं, आमी बांधतो." भिंतीच्या मागे खडी, खडीमागे वाळू. "नाय तर माती मोरी गिळती." मोऱ्यांचे पाइप तळ्याकडे उतरते. उतारावर टप्पे पाडून वाळ्याची रोपं लावली, ती पाड्यातल्या बायकांनी. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही.

रोज दुपारी आम्ही त्याच उंबराखाली बसायचो. जानीबाई नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणायची, माझ्या हातावर ठेवायची आणि पाठ फिरवून परत जायची. मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. आणि रोज मी पाया, खडी, पाऊस यांविषयी बोलायचो. बाबा ऐकून घ्यायचे आणि मध्येच माझ्याकडे असं बघायचे, जसं दर्जा वाळलाय का बघतात.

भिंत पुरी झाली. पहिल्या पावसाळ्यात सगळ्या मोऱ्या ओळीने वाहू लागल्या. गेल्या उन्हाळ्यात तळं वैशाखापर्यंत पुरलं. पावसाचे चार महिने रावजीबाबा रोज सकाळी लांब कामटी घेऊन काठाने जायचे आणि एकेका मोरीत ती घालून आतला पालापाचोळा काढायचे. लोक म्हणत, म्हातारा भिंतीचे कान कोरतो. पण म्हणणारे अजूनही त्यांना भितपाड्याच म्हणायचे. नाव जुनं झालं की त्यातला दंश जातो असं म्हणतात. ज्याला ते चिकटलंय त्याला विचारावं...

यंदा श्रावणात त्यांची लघवी अडली. जव्हारच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा खाटेला पिशवी टांगलेली होती. त्यांनी कामटी दाखवावी तसं बोट दाखवलं. "ही बघा सायेब, मोरी. डॉक्टरच्या अंदाजपत्रकात हाय." शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मग मी खुर्ची जवळ ओढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुरुवात केली. "बाबा, त्या वेळी मी..."

त्यांनी हात वर केला. "मला कशाला सांगतोस, दत्तू? मला म्हाईत हाय. मी तिथंच हुतो की."

दत्तू. पुढे तेच बोलले, थांबत थांबत. "जानीला म्हाईत हाय. बाकीच्यांना नाय. जिथं नाव पडलं तिथं जाऊन सांग. पानवठ्यावर." मग थोड्या वेळाने, "मी हाय तवर सांगशील तर ऐकीन म्हंतो."

मी हो म्हणालो. आणि त्याच आठवड्यात पाड्यावर गेलो. पाणवठ्यावर सात-आठ बायका होत्या. मला बघून त्यांनी धुणं थांबवलं. एक जण म्हणाली, "सायेब, तुमची भित लई चांगली झाली. आता घर हलत न्हाय." मी ते कौतुक ऐकलं, मान हलवली, मोऱ्या बघितल्या आणि गाडीत बसून परत आलो. पुढच्या आठवड्यात नक्की, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या आठवड्यात फोन आला.

बाराव्याला मी गेलो. जेवणं उरकली, माणसं पांगली. मी घराच्या मागून तळ्याकडे उतरलो, तर जानीबाई तिथे होती. पांढरे केस पदराखाली घेतलेले, साडी खोचलेली, हातात ती लांब कामटी. एकेका मोरीत घालत होती. सकाळी सर येऊन गेली होती आणि मोऱ्या भरून वाहत होत्या. पाणवठ्याच्या पायऱ्यांवर बायका भांडी घासत होत्या, वर वाटेवर बारा-पंधरा माणसं जिपेची वाट बघत उभी होती.

तिने माझ्याकडे न बघता कामटी पुढे केली. "ही एक अडलीया. माझा हात पुरत नाय."

मी चपला काढल्या, पाण्यात उतरलो आणि कामटी आत घातली. काहीतरी मऊ लागलं, सरकलं, आणि उंबराच्या कुजक्या पानांचा गोळा बाहेर येऊन त्याच्यामागे गढूळ पाणी माझ्या छातीवर आलं. मग ते निवळ झालं. कामटीचं टोक रावजीबाबांच्या हाताने गुळगुळीत झालेलं होतं. मी ती धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "काकी, भिंत बाबांनी पाडली नव्हती."

"काय?" ती म्हणाली. "मोठ्यानं बोल. पानी वाजतंय."

तिला ऐकू आलं होतं. मला ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी वळलो, पायऱ्यांकडे आणि वरच्या वाटेकडे तोंड केलं, आणि लोक थांबून बघू लागेपर्यंत थांबलो. मग जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात बोललो. "ऐका. पहिली भिंत पडली ती माझ्यामुळे. रावजीबाबांनी मला सांगितलं होतं मोऱ्या ठेवा. दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही, मीच बुजवायला लावल्या. आणि कागदावर त्यांचं नाव लिहिलं. ते खोटं होतं. भिंत पाडणारा मी आहे, ते नव्हेत. काकी, तुम्हाला इतकी वर्षं इथं जे ऐकावं लागलं ते माझं होतं. मी बाबांना जिवंतपणी शब्द दिला आणि तोही पाळला नाही. मला माफ करा."